अडतीस मिलिमीटर

२ फेब्रुवारी

ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाली असशील तर जरा थांब. मी काही समजावायला लिहीत नाहीये. पुलाबद्दल लिहितेय. पुलाने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, ते उचलावं लागत नाही, टेबलावर गप पडून राहतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी कंटाळून वाचशीलही.

तर आपला पूल उद्यापासून सत्तर दिवस बंद. बासष्ट वर्षांत पहिल्यांदाच. वरचा रस्ता, म्हणजे काँक्रीटचा सगळा स्लॅब, कापून काढायचा आणि नवा बसवायचा. खालचा पोलादी सांगाडा तोच राहणार. गेल्या वर्षी तिसऱ्या गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या तिसऱ्या भागात, रस्त्याला कलिंगडाएवढं भोक पडलं होतं. लोक गाड्या थांबवून त्यातून खालची नदी बघायचे. एकाने तर पोराला खांद्यावर घेऊन दाखवलं. आमच्या ऑफिसात मात्र कुणाला मजा वाटली नाही.

उंची मोजायचं काम माझ्याकडे आहे. निवृत्तीला अकरा महिने उरलेत, म्हणून मी आधी नको म्हटलं होतं. आमचे धाकटे साहेब म्हणाले, "बाई, या पुलाला तुमच्याइतकं कोण ओळखतं?" साहेब वयाने तुझ्याएवढेच आहेत. हुशार आहेत, पण बोलताना सारखे घड्याळ बघतात. त्यांचंही बरोबर आहे. मोठं हॉस्पिटल पलीकडच्या तीरावर. पूल बंद असेपर्यंत रुग्णाला एक तर नावेने न्यायचं, नाहीतर चाळीस किलोमीटरचा वळसा. एक दिवस उशीर म्हणजे काय, हे तुला नर्सला मी सांगायला नको.

मोजणीच्या दुर्बिणीला सारखा डोळा लावून असते म्हणून साइटवर मला दुर्बीणबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणजे प्रेमाने म्हणत असावेत.

तब्येतीला जप.

आई


१२ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

आज मी जे बघितलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. घरात सांगायला कोण आहे? म्हणून तुला.

स्लॅब करवतीने कापतात. हिऱ्याचे कण लावलेली गोल करवत, तिच्यावर सतत पाणी सोडलेलं. आवाज असा की दात शिवशिवतात. कापलेला तुकडा साडेचार टनांचा. त्याला चार कोपऱ्यांना साखळ्या, आणि मग क्रेन. पहिला तुकडा उचलताना मुकादमांनी सगळ्यांना मागे सारलं आणि स्वतः हात वर करून उभे राहिले. साखळ्या ताणल्या. तुकडा जागचा हलेना. मुकादम म्हणाले, "बासष्ट वर्षांचं बस्तान आहे, इतक्यात उठतंय होय!" मग एकदम कर्रकन आवाज झाला आणि तो सुटून वर आला.

आणि त्या चौकोनातून ऊन खाली गेलं. तुळयांवर, खांबांच्या आतल्या अंगावर, नदीवर. जिथे बासष्ट वर्षं सावलीच होती, तिथे ऊन. खाली नावेतून माणसं पलीकडे चालली होती, त्यांनी सगळ्यांनी माना वर केल्या.

तुकडा हवेत वळला तेव्हा त्याची खालची बाजू दिसली. काँक्रीट ओतताना ज्या लाकडी फळ्यांचा साचा लावला होता, त्या फळ्यांचे सगळे छाप तिच्यावर होते. लाकडाच्या रेषा, गाठी, एका फळीला गेलेला तडा. ती लाकडं कधीच कुजून माती झाली असतील. त्यांचं अंग मात्र इथे जसंच्या तसं. स्टाफ धरणारे आमचे काका, म्हणजे मी दुर्बिणीतून बघते ती आकडे कोरलेली उंच पट्टी धरून उभे राहतात ते, त्यांना एरवी कशाचंच कौतुक नसतं. ते म्हणाले, "सागवान होतं, बाई. तेव्हा साच्यालासुद्धा सागवान लावायचे." आणि कितीतरी वेळ त्या तुकड्यापाशी रेंगाळले.

सव्वीस वर्षं बाबांनी याच स्लॅबवरून बस नेली. दिवसाला बारा फेऱ्या. दोन गाळ्यांच्या सांध्यावर चाक आदळायचं, म्हणून ते सांधा यायच्या आधी वेगाच्या पेडलवरचा पाय उचलायचे. म्हणायचे, सकाळच्या पाळीची माणसं झोपलेली असतात, उगाच कशाला दचकवायचं. आज ते सांधेही निघाले.

बाबांचं नाव काढलं म्हणून पत्र इथेच ठेवून देऊ नकोस. पुढे काढत नाही.

आई


१९ फेब्रुवारी

ठमे,

पूल वर आला.

नीट सांगते. माझं काम पहाटे असतं, ऊन लागायच्या आत, कारण उन्हाने पोलाद फुगतं आणि आकडे फसवतात. तीरावरच्या खडकात एक पितळी खूण ठोकलेली आहे, पूल बांधला तेव्हाची. तिची उंची कधी बदलत नाही. तिच्याशी ताडून मी रोज पुलाची उंची घेते. प्रत्येक गाळ्याला दोन बाजूंना दोन उंच पोलादी कैच्या आहेत, त्रिकोणांच्या. सगळा भार त्या पेलतात. त्यांच्यावर मधोमध माझ्या खुणा आहेत.

तिसऱ्या गाळ्याचा स्लॅब काल पूर्ण निघाला. तीनशे टन. आज पहाटे मी खालच्या अंगाची, म्हणजे नदी वाहत जाते त्या बाजूची, कैची बघितली. आकडा वाचला, डोळे चोळले, परत वाचला. अडतीस मिलिमीटर वर.

हे होणार हे मला माहीत होतं गं. पुस्तकात आहे, साहेबांच्या कॉम्प्युटरनेही चाळीस सांगितलं होतं. ओझं काढलं की पोलाद परत वर येतं, त्यात काय मोठंसं! पण कागदावर असणं वेगळं. बासष्ट वर्षं तो पूल अडतीस मिलिमीटर वाकून उभा होता, ट्रक, बसगाड्या, पूर, सगळं अंगावरून जाऊ देत, आणि वाकलाय हे आपल्यापैकी कुणाला दिसलंसुद्धा नाही. आपण त्यालाच सरळ समजत होतो. आणि ओझं उतरल्याबरोबर, कुणी न सांगता, तो आपल्या मूळच्या जागी निघाला. बांधणाऱ्यांना जाऊन किती वर्षं झाली असतील, पण पोलादाला आपली जागा आठवत होती.

वहीत आकडा लिहिला तो वेडावाकडा आला. काकांनी तिकडून हातानेच विचारलं, काय झालं? मी अंगठा आणि बोट त्या अंतरावर धरून दाखवलं. त्यांनी स्टाफ खाली ठेवला आणि कैचीकडे तोंड करून उभे राहिले.

वरच्या अंगाच्या कैचीचं माप उद्या परत घेणार आहे.

आई


२१ फेब्रुवारी

ठमे,

परवाच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली.

वरच्या अंगाच्या कैचीचं माप मी त्याच पहाटे घेतलं होतं. ती फक्त एकवीस आली होती. इकडे अडतीस, तिकडे एकवीस. म्हणजे गाळा पिळला गेला होता, ओला कपडा पिळावा तसा. कुठेतरी काहीतरी त्याला धरून ठेवत होतं.

असा आकडा दिसला की त्याच क्षणी कळवायचा असतो. पस्तीस वर्षं मी तेच केलंय. पण मला वाटलं, माझीच चूक असेल. अक्षर वेडंवाकडं, डोळ्यांत पाणी, अशा बाईचा आकडा कोण खरा मानेल? आणि साहेब तर दिवस मोजत बसलेले. उद्या परत बघू, पक्कं झालं की सांगू, असं स्वतःला समजावलं. वही पिशवीत घातली आणि घरी येऊन तुला तेवढं अडतीसचं कौतुक लिहून टाकलं.

दुसऱ्या पहाटे परत एकवीस. तेव्हा मी साहेबांकडे गेले. ते तुळयांवर उभे होते, नव्या रस्त्याच्या तयार काँक्रीट पाट्यांचा पहिला ट्रक गेटापाशी आला होता.

मी म्हटलं, "काम थांबवा."

"बाई, आज? ट्रक आलाय. कशासाठी?"

मी वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "हा आकडा कालचा आहे."

"हो."

"काल तुम्ही बोलला नाहीत."

"खात्री करून घेत होते."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त गाळ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काल त्याच्यावर एकोणीस माणसं होती, बाई."

मला तोंड वर करता येईना. त्यांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना खाली उतरवलं. मुकादमांनी माणसं मोजली, एकोणीसच्या एकोणीस. काकाही त्यांच्यात होते, माझा स्टाफ धरायला मीच त्यांना पाठवलं होतं.

काही झालं नाही. पण काही झालं नाही यात माझा काही हात नव्हता.

आई


२७ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलंय. आधी पुलाचं सांगते, म्हणजे पुढचं सांगायला धीर येईल.

कैचीचं एक टोक खांबाच्या माथ्यावर पोलादी रुळांवर ठेवलेलं असतं, म्हणजे उन्हाने लांबी वाढली, घटली, की ते सरकतं. वरच्या अंगाचे रूळ साफ जाम झाले होते. गंज, पुराचा गाळ, कबुतरांची घाण, सगळं मिळून दगड झालेला. कैचीला सरकायचं होतं आणि तिचा पाय चिणलेला. साहेब म्हणाले, असंच काम चालू ठेवलं असतं तर कधीतरी तो आपणहून सुटला असता, नेमका कधी ते देवालाच ठाऊक.

चार दिवस माणसं दोरांना लटकून छिन्नीने तो गाळ फोडत होती. आज सकाळी जॅक लावले. पुलावर कुणीही नाही. आम्ही सगळे तीरावर. मी दुर्बिणीला डोळा लावला. कैचीवर आकड्यांची पट्टी चिकटवली होती, ती मला दुर्बिणीच्या आडव्या तारेवर दिसत होती. एकवीस. साहेब दाब वाढवत होते. एकवीस. अजून वाढवला. एकवीस. काका माझ्या शेजारी उकिडवे बसले होते, त्यांच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

मग पूल बोलला. दुसरा शब्द मला सुचत नाही. नदीच्या तळातून कुणी प्रचंड मोठ्या हंड्यावर एकच ठोका घालावा तसा आवाज. तो पाचही गाळ्यांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. कबुतरं सगळी एकदम उडाली. आणि माझ्या डोळ्यांसमोर, तारेवरून, आकडे सरकायला लागले. तेवीस. सव्वीस. तीस. पस्तीस वर्षं मी पूल मोजते, पण मला नेहमी झालेलं दिसतं, होताना कधी दिसलं नव्हतं. तीनशे माणसांच्या वजनाचं पोलाद गवताच्या पात्यासारखं अलगद वर येत होतं. छत्तिसावर थांबलं. दोन मिलिमीटर राहिले ते राहिलेच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुकादमांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं, मग एकेकाने काढलं. घड्याळ न बघता उभे असलेले साहेब मी पहिल्यांदाच बघितले.

आता ऐक.

बाबा गेले तेव्हा मी तुला सांगितलं होतं की, "परीक्षा होईपर्यंत ठमीला कळवू नको," असं त्यांनीच बजावलं होतं. हे खोटं आहे. त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी तुला बोलवायला सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. कळवायचं नाही हे मी ठरवलं. तुझे शेवटचे तीन पेपर होते. डॉक्टरांनी दहा-बारा दिवस सांगितले होते, मी धरून चालले की पेपर संपतील आणि तू वेळेवर पोचशील. माझा हिशोब चुकला. तू आलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. दारात तू विचारलंस, "मला का नाही सांगितलं?" आणि माझ्या तोंडून त्यांचं नाव गेलं. गेलेला माणूस खोडून काढायला येत नाही.

वाईट याच्या पुढेच आहे. तू त्यांच्यावर रागावलीस. त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलास. म्हणालीस, "शेवटी बाबांना माझी परीक्षा मोठी वाटली, मी नाही." मी ते ऐकलं आणि गप्प बसले. सहा वर्षं गप्प बसले. माझ्यावरचा राग तू निम्मा त्यांच्यावर टाकलास, आणि मला ते सोयीचं गेलं.

त्या एकोणीस माणसांकडे बघून मला कळलं की हे मी पहिल्यांदा केलेलं नाही.

आता तुला जे वाटेल ते माझ्या एकटीबद्दल वाटू दे. त्यांच्याबद्दल नको.

आई


९ एप्रिल

ठमे,

काल फोनवर तुझा नंबर दिसला तेव्हा मी पुलाच्या मधोमध होते. नवा रस्ता पूर्ण झालाय, भाराची चाचणी चालू होती. वाळूने भरलेले आठ ट्रक एका गाळ्यावर उभे केले, पूल एकोणीस मिलिमीटर खाली गेला. ट्रक काढले, एकोणीस परत आला. पुरता. मी साहेबांना त्याच क्षणी ओरडून सांगितलं आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला.

तू एकदम विचारलंस, "त्यांना दुखत होतं का?" मी सांगितलं, पहिले तीन दिवस फार, मग इंजेक्शनं सुरू केली. "कोणती? किती वेळा?" मी सगळं सांगितलं, मला ते पाठ आहे. तू म्हणालीस, "बरोबर होती." तुझा आवाज तेव्हा नर्सचा होता. मग एकदम मुलीचा झाला.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"बरं."

"पण तेरा तारखेला येतेय. त्याच्या आत मला बाबांना घरी आणल्यापासूनचे ते आठ दिवस लिहून पाठव. सगळे. काही गाळू नकोस."

हे पत्र तुझ्या निघण्याआधी पोचायला हवं. वाचून यावंसं वाटलं नाही, तर येऊ नकोस. मी स्टँडवर येईन, बस रिकामी दिसली तर परत जाईन.

सोमवारी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेत, पुलावर, बाबा ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, सांध्यावर पाय उचला." घरी आल्यावर पहिलं वाक्य, "ठमीला फोन केलास?" मी म्हटलं, करते.

मंगळवारी दुखणं वाढलं. तुझं नाव घेतलं नाही, पण फोन वाजला की मान वळवायचे.

बुधवारी दुपारी मला म्हणाले, "तिला आणायला मी स्टँडवर गेलो असतो. आता तूच जा." मी हो म्हटलं.

गुरुवारी इंजेक्शन सुरू झालं आणि त्यांना बरं वाटलं. तू पाचवीत असताना तुला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून हॉर्न वाजवायला दिला होता आणि डेपो मॅनेजरने पाहिलं, ती गोष्ट त्यांनी शेजारच्या काकूंना सांगितली. हसताना खोकला लागला. मी म्हटलं, बोलू नका. म्हणाले, "ठमीची गोष्ट आहे, पुरी करू दे."

शुक्रवारी मी तुला फोन लावला. तू अभ्यासात होतीस, म्हणालीस, "आई, नंतर बोलू?" मी म्हटलं, बरं, नंतर. हे तुला आठवत असेल. तेव्हा मी सांगू शकले असते.

शनिवारी त्यांनी विचारलं, "निघाली का?" मी म्हटलं, निघाली. हे पहिलं खोटं.

रविवारी दिवसभर झोपेत होते. तुझ्या खोलीतली चादर बदल, असं एकदा म्हणाले. मी बदलली.

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला डोळे उघडले. एकदम साफ, टवटवीत डोळे. "कुठपर्यंत आली?"

मी म्हटलं, "पुलापर्यंत आलीय."

त्यांचा चेहरा असा उजळला, ठमे, की मी खोटं बोलतेय हे मीच क्षणभर विसरले. म्हणाले, "मग काय! पूल आला म्हणजे आलीच. दार उघड."

मी दार उघडलं. त्यांनी मान दाराकडे वळवून घेतली. माझा हात त्यांनी धरला होता, तोही सोडवून घेतला, तुझ्यासाठी मोकळा असावा म्हणून.

आई